पैऱ्याला आलेला मास्तर

डोक्यावर इरलं, पोटरीपर्यंत चिखल आणि हातात गाठी मारलेली दोरी. साल १९५७, महिना जुलै. भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या वरच्या अंगाला पाटगावाकडे, पाऊस चार दिवस उघडलेला नाही. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात आणि भाताच्या खाचरात आज पहिल्यांदा उतरला आहात. गावाचं नाव विचारू नका. त्या खोऱ्यातल्या कुठल्याही गावाला हे चालून जाईल.

दोरीला दर दहा इंचांवर गाठ आहे. काल रात्री कंदिलाशी बसून, पट्टी लावून तुम्हीच ती मारली आहे. प्रत्येक गाठीखाली दोन-तीन रोपं, मग दोरी दहा इंच मागे, पुन्हा तसंच. ही जपानी भातशेती. सरकारनं १९५३ पासून तिचा देशभर धडाका लावलाय. बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढायचे, गादीवाफ्यावर रोप करायचं, ओळीत लावायचं, ओळींतून कोळपायचं, खत मोजून द्यायचं. फळ्यावर हे सगळं फार देखणं दिसतं.

समोर आठ बायका वाकलेल्या आहेत. डाव्या हातात तरव्याची मूठ, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जातात नि वर येतात. तुम्ही एक रोप धड उभं करेपर्यंत प्रत्येकीची सहा लावून होतात आणि तोंडातलं गाणं कुठे अडत नाही.

"मास्तर, ही दोरी कशाला?" बांधावरून तात्या विचारतात. शेत त्यांचं.

तुम्ही कोळपणी सांगता, खत सांगता, उतारा सांगता. तात्या सगळं ऐकून घेतात. घोंगड्याची खोळ मागे सारतात.

"दोरी धरनार कोन?"

"दोघं. एक ह्या बांधाला, एक त्या."

"म्हंजे आठातली दोघं नुस्ती हुबी."

याचं उत्तर पुस्तिकेत नाही. आज लावण तात्यांची आहे. उद्या याच बायका सुताराच्या वाफ्यात, परवा वरच्या आळीत, तेरवा ओढ्याकाठी. पैरा लागलेला आहे. आपल्या रानात जितकी माणसं आली तितकी आपण दुसऱ्याच्या रानात पाठवायची. मजुरी कुणी कुणाला देत नाही. तात्यांची लावण एका दिवसानं लांबली की रांगेतल्या शेवटच्या घराचा तरवा वाफ्यातच जून होतो, आणि ते शेवटचं घर बहुतेक वेळा एकट्या बाईचं असतं. तुमच्या दहा इंचांनी तिचं वर्ष बुडू शकतं. जपानात ही अडचण कशी सोडवतात हे तात्यांना माहीत नाही. तुम्हालाही नाही.

"त्यो कोपऱ्यातला वाफा घ्या," तात्या शेवटी म्हणतात. "तितं लावा तुमची दोरी. पिकलं तर फुडच्या साली बघू."

कोपऱ्यातला वाफा म्हणजे खोलीएवढा तुकडा. तुम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, तालमीत घुमलेले, जोर-बैठकांचा आकडा चारचौघांत सांगणारे. अर्ध्या तासात कंबर उभी राहायला नकार देते. बाजूच्या रांगेतली आजी, सत्तरीची असेल, पाठ न उचलता ओरडते, "आरं मास्तर, कंबरंत न्हाई, गुडघ्यात वाक!" त्या दिवशीचा पहिला उपयोगी धडा हा. पोटरीला जळू चिकटली आहे ते तुम्हाला रक्त दिसल्यावर कळतं. आजी तिच्या कनवटीची तंबाखू काढून त्यावर चोळते आणि पुन्हा रांगेत जाते. तुमच्या पिशवीत टिंक्चर आयोडिनची बाटली आहे, गावाला प्रथमोपचार शिकवायला आणलेली.

तुम्ही इथे पोचलात कसे, हेही सांगायला हवं. कोल्हापूरहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर गारगोटी. एस.टी.तून येताना वाटेतल्या भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं दिसत होतं, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गारगोटीला १९४७ साली श्री मौनी विद्यापीठ निघालं. नाव पाटगावच्या मौनी महाराजांवरून घेतलेलं, शिवकाळातल्या सत्पुरुषावरून. विद्यापीठ बोलकं निघालं ही गोष्ट वेगळी. बालवाडीपासून शिक्षक घडवण्यापर्यंत सगळं एका आवारात, आणि आवार तालुक्याच्या गावात. राधाकृष्णन आयोगानं १९४८-४९ मध्ये सांगितलं होतं की खेड्यांसाठी वेगळी उच्च शिक्षणाची सोय हवी. १९५६ साली केंद्र सरकारनं देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था काढल्या, त्यांत गारगोटी होती. ग्रामसेवेची तीन वर्षांची पदविका. शेती, सहकार, आरोग्य, बांधकाम वर्गात शिकायचं आणि जवळच्या गावांत जाऊन वापरायचं. तुमच्या वर्गातली बहुतेक पोरं आसपासच्या खेड्यांतलीच आहेत. शहरातले तुम्ही एकटे, त्यामुळे सेवेची सगळ्यात जास्त हौस तुम्हाला.

बाकीच्यांना ती हौस का नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं. आता कंबर धरून बसल्यावर थोडं कळतंय.

संध्याकाळी आक्काच्या घरी. तुमची राहायची सोय तिच्याकडे. कुणी ठरवली, तिला विचारलं का, हे तुम्ही विचारलेलं नाही. चुलीपुढे बसून अंगावरचे कपडे अंगावरच वाळवायचे. पितळीत हुलग्याचं माडगं, नाचणीची भाकरी, खरडा. जेवताना तुमचं लक्ष शिंकाळ्याच्या खाली रचलेल्या जळणाकडे जातं. गेल्या हिवाळ्यात आलेल्या तुकडीनं देवळामागे दोन खड्डा संडास खणून दिले, त्याची पाहणी करून तुम्हाला अहवाल लिहायचा आहे.

"आक्का, ते संडास वापरतात का?"

"वापरत्यात की. एकात म्या शेण्या रचल्यात. लई कोरड्या ऱ्हात्यात."

अहवालात तुम्ही लिहाल, 'वापर अंशतः'. खोटं नाही ते.

आक्का मात्र एक हिशोब करते आणि तो तुम्हाला ऐकू येतो. मुलाला सांगते, उद्या सुताराकडं आपला मास्तर गेला तर आपल्या घरचं एक माणूस फिटलं. मग तू वरच्या वाफ्याची बांधबंदिस्ती कर. म्हणजे तुम्ही पैऱ्यात धरले गेलात. अर्धा माणूस म्हणून का होईना. तुमच्या सबंध ग्रामसेवेतली पहिली नोंद ही अशी, चुलीपुढे, तुम्हाला न विचारता झाली.

रात्री देवळात साक्षरता वर्ग. कंदील, फळा, खडू, बाराखडीचा तक्ता. गेले आठ दिवस तीन माणसं येतात, त्यातला एक पावसातून घरी जायचा कंटाळा म्हणून. आज सात आली. तात्या आले, सुतार आला, दाराशी दोन बायका पदर सावरून उभ्या राहिल्या. तुम्ही तक्ता लावता. सुतार म्हणतो, "त्ये ऱ्हाऊ दे मास्तर. आमचा पैरा फेडायला आलोय आमी. पर एक सांगा, ह्ये नये पैसे काय भानगड हाय?"

एक एप्रिलपासून रुपयाचे शंभर नये पैसे झालेत. आणे अजून चालतात. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि पाव पैसा कुणाच्या खिशात नसतो. सरकारनं कोष्टक दिलंय: एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तिनाचे एकोणीस, चाराचे पंचवीस. दुकानदार आण्याला सात घेतो. दिवसाकाठी चार वेळा एक-एक आण्याचं सामान नेलं तर पंचविसाच्या जागी अठ्ठावीस जातात. तुम्ही फळ्यावर मांडता. सुतार दोनदा मांडायला लावतो. दाराशी उभ्या बायकांतली एक आत येऊन बसते आणि विचारते, "आन् समदं एकदम घेतलं तर?" एकदम घेतलं तर पंचवीस, सात-सात देण्याची गरज नाही. ती काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाला चौदा माणसं असतात आणि अंक सगळ्यांना हवे असतात. अक्षरं त्यांच्या मागून, आपल्या पायांनी येतील.

साक्षरतेच्या कामाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या वर्षी नये पैशांनी किती माणसं वर्गाला बसवली याचा शोध घ्यायला हरकत नाही. मला तरी ते बाराखडीपेक्षा मोठे प्रचारक वाटतात.

इथून पंचवीस वर्षं मागे चला. मौनी विद्यापीठ उभं करणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही.

१९३२-३३. धारवाडजवळचं उप्पिन बेटगेरी. तेव्हा हा सगळा मुंबई इलाखा, बोली कानडी. तुम्ही एका पंचविशीतल्या माणसाच्या मागून चालताय. त्याचा जन्म १९०७ चा, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. चळवळीच्या धामधुमीत नाव बदललं आणि जयंत पांडुरंग नाईक झाला, पुढे सगळ्यांना जे. पी. नाईक म्हणून ठाऊक. कायदेभंगात तुरुंगात गेला. बळ्ळारीच्या तुरुंगात आजारी कैद्यांची शुश्रूषा करता करता औषधपाणी शिकला. सुटल्यावर नोकरी धरायची सोडून या खेड्यात येऊन राहिला. आजार बघतो, शाळेचं बघतो, प्रौढांना शिकवतो, रस्त्याचं बघतो. तुम्ही त्याच्याबरोबर एक दिवस राहता आणि तुमच्या लक्षात येतं की या माणसाकडे 'मुदत' नाही. परतीची गाडी नाही, अहवाल द्यायचा साहेब नाही. १९४० च्या सुमारास तो इथून हलेल, म्हणजे सातआठ वर्षं झालेली असतील.

एवढी वर्षं राहून त्यानं काय निष्कर्ष काढला असेल? मी त्याच्या पुढच्या कामावरून ताडतो. तो कोल्हापूर संस्थानात येतो, विकासखात्यात काम करतो, आणि मग गारगोटीला संस्था काढतो तेव्हा बाहेरून सेवाभावी तरुण आणून खेड्यांत सोडायची योजना आखत नाही. खेड्यातल्याच पोराला खेड्यातच शिकवायचं, म्हणजे 'सेवक' नावाची वेगळी जात तयारच व्हायची नाही. स्वतः सात-आठ वर्षं सेवक राहिलेल्या माणसानं हे करावं, यात मला फार मोठी कबुली दिसते. तुमच्या वर्गातल्या पोरांना हौस का नव्हती, तेही इथेच कळतं. ती सेवेला चाललेली नव्हती. घरी चालली होती.

आता एकदम लांब उडी, बाहेरून आलेल्या सेवाभावी तरुणांकडे. ३० ऑगस्ट १९६१, घानामधला अक्रा विमानतळ. विमानातून पन्नासएक अमेरिकन तरुण-तरुणी उतरतात, पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक योजनेची जगातली पहिली तुकडी. केनेडी त्याच वर्षी अध्यक्ष झालेत आणि मार्चमध्ये त्यांनी ही योजना जाहीर केली. सगळे शिक्षक म्हणून शाळांत जाणार. धावपट्टीवर उभं राहून ते घानाचं गीत म्हणतात, चक्क तिथल्या त्वी भाषेत. मंत्री खूश, वार्ताहर खूश. तुम्हीही टाळ्या वाजवता. परक्यानं आपली भाषा तोडकीमोडकी बोलली तरी माणूस विरघळतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

दीडच महिना जातो. शेजारच्या नायजेरियात, इबादानच्या विद्यापीठात एका अमेरिकन स्वयंसेविकेनं मित्राला लिहिलेलं पोस्टकार्ड वाटेत पडतं आणि विद्यार्थ्यांच्या हाती लागतं. लोक कसे उघड्यावर राहतात, रस्त्यावर काय काय करतात, असं काहीबाही घरच्या माणसाला लिहितात तसं तिनं लिहिलंय. त्याच्या प्रती निघतात, सभा होते, स्वयंसेवकांनी चालतं व्हावं अशी मागणी होते. तिला परत जावं लागतं. त्या गर्दीत उभे असताना तुम्हाला देवळातल्या कंदिलाखाली लिहिलेली तुमची पत्रं आठवतात. 'इकडच्या लोकांना स्वच्छतेची कल्पनाच नाही' असं तुम्हीही कोल्हापूरला लिहिलं होतं. नशीब तुमचं, पाटगाव खोऱ्यातला पोस्टमन पाकिटं फोडत नव्हता.

पीस कोअर त्याच वर्षी डिसेंबरात भारतातही येते, पंजाबात पहिली तुकडी, आणि १९७६ पर्यंत राहते. आफ्रिकेत मात्र ती आजतागायत आहे. दोन वर्षं गावात राहायचं, स्थानिक भाषा शिकायची, तिथल्या माणसाइतक्याच पैशांत भागवायचं, ही तिची चाल चांगली आहे, हे मान्य करावं लागतं. खोट एवढीच की आक्काच्या चुलीपुढे होतो तो हिशोब तिथे होत नाही. पाहुणा कितीही चिखलात उतरला तरी त्याच्या देशाच्या रानात परत लावणीला जायचं कुणाला जमतंय? टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे १९६७ मध्ये जेव्हा स्वावलंबनाच्या शिक्षणावर लिहितात, शाळेला स्वतःचं शेत असावं, पोरांनी त्यात राबावं म्हणतात, तेव्हा ते गारगोटीच्या बरेच जवळ आलेले असतात, एकमेकांना न ओळखता.

नाईक आता दिल्लीत. कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव आहेत. १९६६ मध्ये अहवाल सादर होतो आणि त्यात एक शिफारस असते, की समाजसेवा, राष्ट्रसेवा हा शिक्षणाचाच भाग करावा. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सदतीस विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू होते. उप्पिन बेटगेरीतला तो एकटा माणूस आता चाळीस हजार झाला, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याची सातआठ वर्षं इथे शिबिराच्या दहा दिवसांची झाली होती.

ते दहा दिवस बघून येऊ. मे १९७३, कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळावरचं गाव. तुम्ही आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पाऊस दोन वर्षं दगा देतोय, सबंध महाराष्ट्रात बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडतायत. या वर्षी योजनेचं घोषवाक्यच दुष्काळाविरुद्ध युवक असं आहे. तुमच्या तुकडीला एक नालाबांध घालायचाय. मुक्काम शाळेत, सतरंजीवर. पहाटे प्रार्थना, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री करमणूक. बौद्धिकाला शहरातून पाहुणे येतात आणि ग्रामीण भागाच्या समस्या ग्रामीण भागातल्या माणसांना समजावून सांगतात.

आमटी-भात शिबिराच्या चुलीवर. भाकऱ्या गावाच्या. पद्धत अशी की घरटी दोन-दोन भाकऱ्या मागायच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या बहुतेक शिबिरांची ही रीत. आज टोपली घेऊन फिरायची पाळी तुमची आहे.

चौथं की पाचवं घर. बाई तव्यापुढे बसलेली. परातीतलं पीठ लालसर, मिलोचं. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी रेशनवर मिळते. तिला चिकटपणा नाही. थापताना भाकरी कडेनं चिरते, उचलताना मोडते. बाई गरम पाण्यानं पीठ मळून बघते, पुन्हा थापते, पुन्हा मोडते. तिसऱ्या खेपेला एक धड भाकरी तव्यावर जाते. ती शेकून होते आणि बाई ती तुमच्या टोपलीत टाकते. मोडलेल्या दोन तिच्या पोरांसाठी बाजूला ठेवलेल्या असतात.

"राहू द्या मावशी," तुम्ही म्हणता.

"असं कसं? गावात ठरलंय न्हवं."

तुम्ही टोपली पुढच्या घरी नेता. सत्तर पोरांच्या एका जेवणाला किती घरांच्या चुली लागतात, याची बेरीज त्या दिवशी कुणी केली नाही आणि शिबिराच्या अहवालात खर्चाच्या रकान्यात ती कधीच येत नाही. बांध मात्र झाला. ढोबळ झाला, पिचिंगचे दगड सैल बसले. सहाव्या दिवशी खडीच्या कामावरून परतणारा एक वडार थांबला, दहा मिनिटं बघत राहिला आणि काही न बोलता दगड उचलून बसवून दाखवायला लागला. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी बौद्धिक बुडवून दुपारभर त्याच्या हाताखाली काम केलं. बांधाचा तेवढाच भाग पुढे पावसात टिकला, असं मला सांगायला आवडेल. खरं तर पहिल्या पावसात काय झालं ते बघायला तुकडीतलं कोणी तिथे नव्हतं.

या योजनेवर मी उगाच खार खाऊन नाही. खेडं कधी न पाहिलेल्या हजारो पोरापोरींना तिनं चुलीजवळ बसवलं. पण हजेरीचे एकशेवीस तास, प्रमाणपत्र, जादा गुण, आणि दहाचे सात झालेले दिवस, हे सगळं कॉलेजच्या बाजूनं मोजलेलं आहे. गावाच्या बाजूनं मोजायची सोय आक्काकडे होती, ती कुठल्या परिपत्रकात उतरली नाही. ग्रामीण संस्थांचंही तसंच झालं. ग्रामसेवेच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात भाव आला नाही, आणि त्या बऱ्याच ठिकाणी साध्या महाविद्यालयांसारख्या होऊन गेल्या. गारगोटीत स्थापत्य आणि ग्रामीण अभियांत्रिकीचं शिक्षण मात्र टिकलं. हातानं काही करता येतं ते टिकतं बहुतेक.

शेवटची उडी जवळची आहे. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. पाणी पंचावन्नच्या वर जाऊन आलंय. महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता, तो आता सुटला. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या एका गावात तुम्ही पुण्याहून मित्रांबरोबर पोचलात. अंगात एकसारखे टी-शर्ट, टेंपोत कपड्यांची गाठोडी, बिस्किटांचे खोके, पुढे मोठा फ्लेक्स. तालमींची पोरं पहिल्या दिवसापासून होड्यांतून माणसं काढत होती. ती आता झोपलीत, तुमच्यासारख्यांची पाळी आली.

चावडीजवळ आधीच आलेल्या कपड्यांचा ढीग पावसात भिजतोय. नऊवारीची वस्ती, आणि ढिगात पार्टीचे गाऊन.

"कपडे नकोत बाळा," पडवीतला गाळ खराट्यानं ओढणारी बाई म्हणते. तिच्या मागे कणगीतलं भिजलेलं धान्य आंबून वास मारतंय. "मोटर बुडाल्याली हाय. मोटर खोलता येती का कुनाला?"

तुमच्या टेंपोत तीन इंजिनिअर आहेत. तिघेही संगणकाचे.

मोटर खोलणारा निघतो तो मागून मोटरसायकलवर आलेला, भुदरगडातला, गारगोटीत शिकलेला वायरमन. वय तुमच्याएवढंच. त्याच्याकडे टी-शर्ट नाही, पाना-पक्कडची पिशवी आहे. बोल्ट गंजून धरलेत, त्यावर तो रॉकेल सोडतो. झाकण निघतं तसा आतून गाळ पडतो. वायंडिंग स्वच्छ पाण्यानं धुवायचं, फडक्यानं टिपायचं, मग दोनशे वॅटचा बल्ब जवळ लावून तासन्‌तास वाळवायचं. ऊन नाही, वीज नाही, म्हणून बल्ब जनरेटरवर. तुमचं काम बल्ब धरायचं आणि जनरेटरमध्ये तेल संपलं की ओतायचं. मधे त्याला बेअरिंग काढून दाखवायला लावता तुम्ही, आणि दुसऱ्या मोटरीचं बेअरिंग तो तुम्हालाच काढायला लावतो. संध्याकाळपर्यंत तीन मोटरी होतात. गावात अजून किती आहेत त्याची यादी एक म्हातारा वहीच्या पानावर करत फिरतोय.

तुमची रजा शनिवारी संपते. वायरमन रविवारी परत येणार आहे, बरोबर आणखी दोघांना आणतो म्हणाला. जाताना तो तुम्हाला बाजूला घेऊन विचारतो, बेअरिंग आणि वॉर्निशला पैसे लागतील, जमेल का. तुम्ही फ्लेक्सचा खर्च किती झाला होता ते आठवता आणि तेवढे पाठवायचं कबूल करता. तो म्हणतो, तेवढ्यात दहा मोटरी होतील, आणि म्हाताऱ्याच्या यादीतल्या पहिल्या दहा नावांवर खूण करायला लागतो.